शंभर टक्के निकाल

यादोगोपाळ पेठ, सातारा
५ जानेवारी २०२५

चि. राजनंदिनीस,

आगाशे बाईंचे आशीर्वाद. पाकीट बघून दचकू नकोस, कुणाचं काही बरंवाईट झालेलं नाही. तुझा पत्ता आपल्या शाळेच्या ज्ञानू शिपायानं दिला. कराडच्या स्टँडवर भेटला, लांबूनच ‘बाई’ म्हणून अशी हाक मारली की अख्खा फलाट वळून बघायला लागला! तू पलूसला दिलेली आहेस, मालक लष्करात आहेत, एवढं त्याच्याकडून कळलं. फोन नंबर त्याच्याकडे नव्हता, आणि खरं सांगायचं तर मला फोनवर बोलायचा धीरही नव्हता.

गेल्या आठवड्यात पोटमाळा आवरायला काढला. हे गेल्यापासून तिकडे फिरकलेच नव्हते. तिथल्या एका गठ्ठ्यात तुझी दहावीची इंग्रजीची वही निघाली. तपासणीला साहेब आले की दाखवायला मी दर वर्षी दोन-तीन चांगल्या अक्षराच्या वह्या ठेवून घ्यायची, त्यातली. ती परत द्यायची राहिली.

तुला आठवतंय का, ‘हे करणं ते करण्यापेक्षा बरं’ अशी दहा-दहा वाक्यं मी तुम्हाला आपापल्या घरातली लिहून आणायला सांगितली होती? इंग्रजीत त्याला दोन्हीकडे ‘टू’ लागतो, तो तुम्ही सगळे खायचात. त्या टू-साठी मी घसा फोडला. अर्जुनानं लिहिलं होतं, इंग्रजी बोलण्यापेक्षा म्हशीची धार काढणं सोपं. वर्ग आठ दिवस हसत होता.

तुझं सातवं वाक्य होतं: ‘टू फेल इज बेटर दॅन टू पास.’ पास होण्यापेक्षा नापास होणं बरं. त्यातले दोन्ही ‘टू’ मी लाल पेननं घातलेत, खाली ‘गुड’ लिहून सही ठोकलीय. पण वाक्य काय म्हणतंय ते वाचलंच नाही गं. चाळीस वह्या आणि एक मोकळा तास. हात चालायचा, डोकं नाही. आज नऊ वर्षांनी वाचलं आणि त्या वर्षीच्या जूनमध्ये तुझं लग्न झालं ते आठवलं.

तुला खरंच तसं वाटत होतं का? मला तेव्हा काही कळलं नाही. कळलं असतं तर मी काहीतरी केलं असतं. वाटलं तर उत्तर पाठव. नाही पाठवलंस तरी समजून घेईन.

तुझी,
प्रमोदिनी आगाशे


पलूस, जि. सांगली
१३ जानेवारी २०२५

बाई,

तुम्हाला वाकून नमस्कार. तुमचं पाकीट पोस्टमननं थेट मळ्यात आणून दिलं. सासरे म्हणाले, ‘कोर्टाचं हाय का काय गं?’ मी म्हटलं, माझ्या बाईंचं आहे. तर म्हणाले, ‘बाईंचं व्हय? मग बस, निवांत वाच.’ बाई म्हटलं की आमच्याकडं अजून मान आहे तुम्हा लोकांना.

तुम्ही पत्रच लिहीत जा. माझा मोबाईल घरात सगळ्यांच्या हातात फिरतो. मुलगा ऋषिराज सहा वर्षांचा आहे, तो तर माझे मेसेज मोठ्यानं वाचून दाखवतो. इंग्रजी शाळेत घातलाय. त्याचा अभ्यास मीच घेते. हसू नका! पस्तीस मार्कांची बाई शिकवतीय म्हणून.

माणूस वाईट नाही मिळाला मला, हे आधी लिहिते, नाहीतर तुम्ही भलतंसलतं मनात घ्याल. जयराज सध्या राजस्थानात आहेत. सुट्टीवर आले की दोन महिने घर भरल्यासारखं वाटतं.

आता तुम्ही विचारलंय त्याचं. बाई, राग मानू नका, पण मी तुम्हाला सांगितलं होतं की. तुम्ही विसरला असाल. एवढी पोरं हाताखालनं जातात, कुठं कुठं लक्षात राहणार!

तोंडी परीक्षा प्रयोगशाळेत होती. मी मुद्दाम सगळ्यात शेवटी थांबले. तुम्ही मला विसातले अठरा मार्क लिहिले आणि मी म्हटलं, ‘बाई, मला कमी द्या. आठ द्या, दहा द्या.’ तुम्ही म्हणालात, ‘चक्कर आली का तुला?’ मग मी सगळं सांगितलं. मुलगा जून-जुलैत रजेवर येणार होता. त्यांची अट होती, मुलगी दहावी पास पाहिजे. मी एका विषयात जरी राहिले असते तरी ते थांबले नसते, रजा संपली असती, आणि पुढची रजा वर्षानं. तोवर त्यांनी दुसरीकडं बघितलं असतं. मला लग्नच नको असं नव्हतं की पळून जायचं नव्हतं. मला एक वर्ष पाहिजे होतं. सोळाच वर्षांची होते मी.

इंग्रजी अशासाठी की इंग्रजीत नापास झालं तर आमच्याकडं कुणी संशय घेत नाही. पेपरला मी मोजून लिहिलं आणि बसून राहिले. ऐंशीतले सतरा पडले. तुम्ही दहा दिले असते तर सत्तावीस झाले असते.

तुम्ही म्हणालात, ‘वेडी कुठली! यंदा आपल्या शाळेचा निकाल शंभर टक्के लागतोय. तुझ्या एकटीपायी बाकीच्यांचं नाक कापू?’

अठरा आणि सतरा, पस्तीस. आमच्या घरी पेढे वाटले.

हे सगळं जुनं झालं, बाई. तुम्ही विचारलंत म्हणून लिहिलं. तब्येतीला जपा.

तुमची,
राजनंदिनी


सातारा
१८ जानेवारी २०२५

राजनंदिनी,

तू मला सांभाळून घेतलंस. ‘तुम्ही विसरला असाल’ असं लिहिलंस. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढून पगार घेतलेल्या बाईला तिच्या विद्यार्थिनीनं असं पांघरूण घालावं, याची शरम वाटली.

मी विसरले नव्हते. पहिल्या पत्रात मी खोटं लिहिलं. वाक्य वाचलं नव्हतं हे खोटं, आणि काही कळलं नव्हतं हे त्याहून खोटं. वही तपासली त्याच दिवशी मी थबकले होते. पुढं तोंडीला तू सगळं फोड करून सांगितलंस. तू बोलताना परकराची किनार बोटाला गुंडाळत होतीस, एवढंसुद्धा माझ्या लक्षात आहे. शाळेचा गणवेश होता, त्याला परकर म्हणायचं की स्कर्ट देव जाणे, पण किनार निळी होती.

आता कारणं ऐक. तुझे चुलते शाळा समितीचे अध्यक्ष. ते लग्न त्यांनीच जमवलेलं. आम्ही तेव्हा कराडला राहायचो, आणि आमचे हे अंथरुणाला खिळलेले. मी तोंड उघडलं असतं तर संस्थेनं माझी बदली कोयनानगरच्या बाजूला केली असती, आणि रोज घाट चढून-उतरून यांचं कोण करणार होतं? ही कारणं मी नऊ वर्षं स्वतःला सांगतेय. इतकी पाठ झालीत की खरी वाटायला लागलीत.

पण त्या दिवशी प्रयोगशाळेत यातलं एकही माझ्या मनात नव्हतं, राजी. माझ्या मनात तो आकडा होता. माझ्या विषयाचा निकाल बारा वर्षांत एकदाही शंभर टक्के लागला नव्हता. दर वर्षी दोन-तीन पोरं इंग्रजीतच गळायची आणि गणिताचे सर मला स्टाफरूममध्ये टोचून बोलायचे. त्या वर्षी लागला. मुख्याध्यापकांनी फळ्यावर रंगीत खडूनं लिहिलं, मला गुलाबाचं फूल दिलं. तो शंभरावा टक्का तू होतीस.

आणि तुझ्या लग्नाला मी आले. पहिल्या रांगेत बसले. तुझ्या चुलत्यांनी लाऊडस्पीकरवर नाव पुकारून मला साडी आणि नारळ दिला. ‘आमच्या पोरीला इंग्रजीत पास करणाऱ्या बाई’ म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मुंडावळ्यांतून तू माझ्याकडे एकदाच बघितलंस. मी अक्षता टाकल्या, पंगतीला बसले आणि दोनदा बुंदी मागून घेतली. ती साडी मी त्या वर्षी शिक्षकदिनाला नेसले होते.

मला आता रागाव. सांभाळून घेऊ नकोस. मला ते सोसत नाही.

प्रमोदिनी आगाशे


पलूस
२३ जानेवारी २०२५

बाई,

पत्र वाचून मी गोठ्यात जाऊन बसले. तुम्हाला आठवत नसेल असं मी नऊ वर्षं धरून चाललेले. ते बरं होतं का हे बरं, मला कळेना.

तुम्ही रागाव म्हणता. एक गोष्ट मी कुणालाच लिहिलेली नाही, ती लिहिते. ऋषिराजच्या आधी मला मुलगी झाली होती. लग्नानंतर अकरा महिन्यांनी, सातव्यातच. नऊ दिवस जगली. मिरजेच्या डॉक्टरीणबाई सासूबाईंना म्हणाल्या, ‘हिचंच अजून वाढायचं वय आहे, हिला कशाला घाई केली?’ सासूबाई म्हणाल्या, ‘नशीब.’ मी मनात हिशेब केला होता. माझ्या मनासारखं झालं असतं तर त्या दिवशी मी शाळेच्या पायरीवर बसून शेंगा खात असते.

पण आता माफी मागू नका, बाई. माफीचं मी काय करू? एक काम करा.

माझ्या मोठ्या दिरांची मुलगी मयूरी यंदा दहावीला आहे. पंधरा पुरी आहे, सोळा लागलंय. तिचं स्थळ आलंय. तेच सगळं! मुलगा नोकरीचा, मुलगी दहावी पास पाहिजे, मे महिन्यात उरकायचं. रविवारी, नऊ फेब्रुवारीला, पोराकडची माणसं बोलणी करायला येणार आहेत आणि त्याच दिवशी सुपारी फोडायची म्हणतायत. मयूरी परवा माझ्याजवळ आली आणि म्हणाली, ‘काकी, मी पेपर कोरा सोडू का?’

दिरांपुढं जाऊबाई बोलत नाहीत. मी बोलले तर ‘धाकटी शानी झाली’ म्हणतील आणि मलाच गप बसवतील. सरकारी नंबरावर तक्रार करता येते ते मला माहीत आहे, पण कुणी केली ते दुसऱ्या मिनिटाला कळेल, आणि मला त्याच घरात राहायचंय. सासरे, नाथाजीराव, मनानं वाईट नाहीत. त्यांना वाटतं हेच बरं. तुमच्यासारख्या शिकवणाऱ्या बाईचं ते ऐकतील.

तुम्ही या. तुम्ही मला पत्रात जे लिहिलंय ते त्यांच्या पुढ्यात, सगळ्यांसमोर सांगा. दुसरं काही नको.

राजनंदिनी


सातारा
२८ जानेवारी २०२५

प्रिय राजनंदिनी,

तुझ्या बाळाचं वाचून मी काय लिहू? तीन कागद फाडले.

मयूरीबद्दल मात्र मी गप्प बसलेले नाही. मी रात्रंदिवस विचार केला. माझं तिथं येणं कितपत बरं दिसेल? मी परकी बाई, तुमच्या घरच्या कार्यात येऊन उभी राहायची, चार पाव्हणे बसलेले. उलट तेच चिडतील आणि तुझ्यावर काढतील. माझा गुडघाही हल्ली फार दुखतो, जिना उतरताना कठडा धरावा लागतो.

पण एक मार्ग आहे. चौकशी केली, मयूरीच्या शाळेत इंग्रजीला शौनक जोशी आहे, तो माझ्याच हाताखाली शिकवायला लागला. माझा शब्द तो मोडणार नाही. तोंडी परीक्षा अजून व्हायच्या आहेत. मी त्याला सांगते, तिला पाच-सहाच मार्क दे. पेपर तिनं थोडा कमी लिहावा. कुणाला पत्ता लागणार नाही, आणि जे मी तुझ्यासाठी केलं नाही ते निदान तिच्यासाठी केल्यासारखं होईल. तू हो म्हण, मी आजच फोन करते.

तुझी,
बाई


पलूस
१ फेब्रुवारी २०२५

बाई,

मला लय राग आला. तुम्ही रागाव म्हणाला होता ना, घ्या मग.

शौनक सरांना फोन करायचा नाही. केला तर माझं-तुमचं संपलं. मयूरी हुशार आहे. मी नव्हते एवढी हुशार आहे. सहामाहीला तिला पंच्याऐंशी टक्के पडलेत. तिनं का नापास व्हायचं? मी तेव्हा लहान होते, मला दुसरं सुचलं नाही म्हणून मी स्वतःचं नुकसान करून स्वतःला वाचवायला निघाले होते. तुम्ही तर साठीच्या आहात. तुम्हालाही तेच सुचतंय? पोरीनं चोरून नापास व्हायचं आणि मोठ्यांनी चोरून मार्क कमी करायचे, आणि ओसरीवर बसलेल्यांना कुणी काहीच बोलायचं नाही? तेव्हाही तुम्ही मार्कांतच बघत होता, आताही मार्कांतच बघताय.

गुडघ्याला तेल लावा. कराडपर्यंत थेट गाडी आहे, पुढं पलूस फार लांब नाही. माझ्यावर काढतील ते मी बघून घेईन, त्याची काळजी तुम्ही करायची नाही. नसेल यायचं तर नसेल यायचं म्हणून सरळ लिहा. नाही म्हटलंत तरी चालेल, पण आडवाटा दाखवू नका.

राजनंदिनी


सातारा
४ फेब्रुवारी २०२५

राजनंदिनी,

बरोबर बोललीस. मी येते. रविवारी सकाळची पहिली गाडी पकडते. मी भ्यालेली असेन, माझ्या चेहऱ्याकडे बघू नकोस.

प्रमोदिनी


पलूस
१२ फेब्रुवारी २०२५

बाई,

तुम्ही सुखरूप पोचलात हे तुमच्या मेसेजवरून कळलं. ऋषिराजनंच वाचून दाखवला. त्या दिवशी तुम्हाला गाडीत बसवायला मी येऊ शकले नाही, घरात कुणी मला हलू देत नव्हतं. तुम्ही गेल्यावर काय काय झालं ते तुम्हाला सांगायला पाहिजे.

पाव्हण्यांनी चहा घेतला आणि उठले. मुलाचे मामा जाता जाता म्हणाले, ‘आमाला पोलीस-कोर्टाचं लचांड नगं बाबा. पोरीला अठरा झाल्यावर बघू, जमलं तर जमलं.’ दीर लय भडकले. म्हणाले, ‘ह्या बाईला आवतान दिलं कुणी?’ मी म्हटलं, मी दिलं. सासूबाई बनुबाई तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. ताटात भाकरी टाकतात, पण ‘खा’ म्हणत नाहीत. तेवढं चालायचंच.

सासरे मात्र संध्याकाळपर्यंत ओसरीवर तसेच बसून होते. मग मला हाक मारली. म्हणाले, ‘त्या बाईंनी सोताच्या तोंडानं सोताची चूक सांगितली गं. मी त्यांस्नी इचारलं, तवा का न्हाई बोललासा, तर भ्याले म्हणाल्या. आवं, असं कोण सांगतं?’ मग विचारलं, ‘आपली नऊ दिवसांची हुती ती, ती तू ल्हान हुतीस म्हणूनच गेली व्हय गं?’ मी म्हटलं, डॉक्टरीणबाई तसंच म्हणाल्या होत्या. त्यांना ते कुणी सांगितलंच नव्हतं, बाई. पटका काढून त्यांनी तोंड पुसलं. मग दिरांना बोलावून सांगितलं, ‘पोरगी अठराची हुईस्तवर या घरात लग्नाचं नाव काढायचं न्हाई. शिकतीया तवर शिकूंद्या.’

मयूरीची परीक्षा नऊ दिवसांवर आहे. कालपासून मोठ्यानं पाठ करत बसलीय, घर डोक्यावर घेतलंय. तिला मी सांगितलंय, एक ओळसुद्धा कोरी सोडायची नाही. तुमचे तिच्यावर उपकार झाले. ती जन्मभर विसरणार नाही आणि मीही विसरणार नाही.

पण बाई, एक लिहायचं राहिलंय, आणि ते न लिहिता हे पाकीट बंद केलं तर मीही तुमच्यासारखंच केल्यासारखं होईल.

तुम्ही काठी टेकत आलात, घोटभर पाणी प्यालात आणि उभ्याउभ्याच बोललात. तुमचा आवाज कापत होता. पण बोललात. प्रयोगशाळा, अठरा मार्क, फळा, बुंदी, सगळं. मग म्हणालात, ‘पोरगी सोळाही पुरी नाही, अठराच्या आत लग्न लावणं हा गुन्हा आहे, आणि सुपारी फुटली तर मी पोलीस ठाण्यात जाऊन माझ्या सहीनं तक्रार देणार आहे.’ आणि बसलात. कुणी तुम्हाला मारलं नाही. कुणी हाताला धरून बाहेर काढलं नाही. सासरे तर म्हणाले, ‘बाईंना च्या द्या.’ मी दाराआड उभी होते, माझं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडं होतं. पाच मिनिटं झाली होती. पाव्हण्यांच्या कपातला चहासुद्धा निवला नव्हता.

नऊ वर्षं मी स्वतःला सांगत आले की बाईंच्या हातात काय होतं? चुलत्यांचं एवढं वजन, केवढी मोठी संस्था, घरी आजारी माणूस, एकटी बाई करून करून काय करणार? डोंगराएवढं काम होतं ते, त्यांना झेपलं नसतं. असं म्हणून मी तुम्हाला कधीच माफ करून टाकलं होतं. माझी मुलगी गेली तेव्हासुद्धा मी तुमचं नाव घेतलं नाही.

रविवारी तुम्ही ते करून दाखवलंत आणि माझी ती समजूत गेली. मयूरीसाठी मला आनंद झाला, खोटं नाही सांगत. पण सगळे उठून गेल्यावर मी चुलीपुढं बसून रडले, ते मयूरीसाठी नव्हतं.

पाच मिनिटांचं काम होतं, बाई.

राजनंदिनी